कागदी मैदानातली वस्ताद

गेममध्ये समोरचा गडी कडेवरून घसरला की आमची वस्ताद त्याच्यामागे स्वतः उडी टाकायची. मारायला नव्हे, धरून वर आणायला! त्या गेममध्ये तशी सोयच नाही. मग दोघेही तळाला जायचे आणि ही बटणं आपटत मलाच विचारायची, "आगं शाने, पंच कुठं मेला ह्यातला? कुस्ती मदी घ्यायला नगं व्हय?" शानी म्हणजे मी. सांगलीत विश्रामबागेत एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघी खोली घेऊन राहत होतो. मी कऱ्हाडची, ती म्हसवडची, दोघींचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. ती खरीखुरी कुस्ती खेळायची आणि चालायचीही तशीच, खांदे टाकून, म्हणून सगळी गल्ली तिला वस्ताद म्हणायची. घरमालकीणकाकूसुद्धा खालून ओरडायच्या, "वस्ताद, टाकी भरली गं, मोटार बंद कर!"

गेम माझ्या भावाचा. तो नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना आपला छोटा टीव्ही नि ते यंत्र माझ्या गळ्यात मारून गेला. त्या खेळात निरनिराळ्या गेममधले नायक, खलनायक, जनावरं सगळी एका ठिकाणी येऊन लढतात. जत्रेच्या मैदानात गावोगावचे मल्ल उतरतात तसंच, त्यामुळे वस्तादला तेवढं लगेच पटलं. पटली नाही ती जिंकायची रीत. तिथे पाठ टेकवायची नसते, मैदानाबाहेर फेकायचं असतं. "म्हंजी चितपट न्हाईच? मग ह्याला कुस्ती कोन म्हनंल?" असं म्हणून तिने नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी तालमीतून आल्या आल्या, आंघोळही न करता, पुन्हा टीव्हीसमोर मांडी ठोकली.

त्या गेममध्ये मैदानं ढिगानं होती, पण हिला एकच हवं असायचं, कागदाचं. मला ते अजिबात आवडायचं नाही. कागदाचा समुद्र, कागदाच्या लाटा आणि त्यावर कागदी जहाज. आपण जहाजावर जीव तोडून लढत असतो, तेवढ्यात सगळं चपटं होतं, घडी पडते आणि त्याच घडीतून पवनचक्की उभी राहते. तिच्या फिरत्या पात्यांवर पाय ठेवावा तर ती आपल्याला खाली घेऊन जातात. जरा जम बसतोय म्हणेपर्यंत तीही मिटते आणि किल्ला उभा राहतो. आत्ता जिथे पायाखाली जमीन होती तिथे काहीच नसतं. वस्ताद वैतागून म्हणायची, "आमच्या डोंगरावर बी हायत्या पवनचक्क्या, पन त्या एका जाग्यावर ऱ्हात्यात की गं!"

या मैदानात ती सारखी हरायची, आणि कशी हरायची तेही सांगते. घडी पडायला लागली की ही बटणं सोडून द्यायची आणि हात मांडीवर ठेवून शांत बसायची. सराईत पैलवानाची सवय ती. तिचं सगळं बालपण मातीत गेलेलं. मातीच्या मैदानात जोड कडेला गेली की पंच थांबवतो, दोघांना पुन्हा मध्ये आणतो आणि कुस्ती तिथून सुरू होते. कड आली की श्वास घ्यायचा, हे हिच्या अंगात मुरलेलं. मी मात्र कसली थांबतेय! ती हात मांडीवर ठेवून बसली की मी तिला खुशाल समुद्रात ढकलून मोकळी व्हायचे. मग मला रपाटा बसायचा. तिचा रपाटा म्हणजे पाठीला दोन दिवस शेक.

गंमत तिथेच संपली असती तर बरं झालं असतं. एके दिवशी ती तालमीतून आली ती तोंड पाडूनच. त्यांच्या सरांनी मोबाईलवर तिच्याच कुस्त्या तिला दाखवल्या होत्या. मॅटवरची रीत वेगळी असते. तिथे तांबड्या पट्ट्याबाहेर पाय गेला की समोरच्याला गुण मिळतो. आणि ही दर वेळी कडेला गेली की हात सैल सोडत होती. पकड चांगली, ताकद तिप्पट, आणि गुण जातायत ते असे, वाटेवर सांडल्यासारखे. सर म्हणाले होते, "पोरी, कडेला गेलीस की तू झोपतेस. हे सुटलं नाही तर निवड चाचणीला येऊच नकोस." चाचणी तोंडावर आलेली. ती जिंकली तर राज्याच्या शिबिरात जागा, राहणं, खाणं, चांगले प्रशिक्षक, पुढचा सगळा रस्ता. हरली तर कॉलेज संपलेलं, खोली सोडायची आणि म्हसवडला घरी. दुसरी संधी नव्हती. हे तिने एकदाच सांगितलं आणि मग म्हणाली, "लाव त्ये कागदाचं."

त्यानंतर खोलीतली हवाच बदलली. ती हसायची बंद झाली. घडी पडायला लागली की तिचे ओठ घट्ट मिटायचे, मानेची शीर फुगायची आणि अंगठे बटणांवरून हलायचे नाहीत. "हितं कड कवा कुठं ईल सांगता येत न्हाई, म्हनून हितंच शिकायचं," हे तिचं शास्त्र. तेवढ्याने भागेना म्हणून आमच्या दोन गाद्या जमिनीवर जोडून त्यांचं मैदान केलं आणि मला ढकलायला उभं केलं. मी बीएस्सीची किडकिडीत पोरगी. रोज कपाटावर जाऊन आदळायचे. काकू खालून विचारायच्या, काय पडलं गं? मी ओरडायचे, मीच! पण हळूहळू पडद्यावर मी हरायला लागले. घडी पडताना मी पात्यांकडे बघत असायचे तोवर ही मला गाठून सरळ कागदाच्या समुद्रात लोटायची. तिला जमायला लागलं होतं. मला हरल्याचा आनंद व्हावा अशी ती पहिलीच वेळ.

आणि नेमके तेव्हाच आबा आले. आबा म्हणजे तिचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले, त्यांच्या काळात माणदेशातले नाव घेण्यासारखे पैलवान. बाजरीच्या भाकऱ्या, खर्डा आणि लेकीसाठी तुपाचा डबा घेऊन ते दारात उभे. आम्ही खेळत होतो. तिने नुकतंच मला जहाजावरून खाली लोटलं होतं. आबांनी चपला काढल्या, टीव्हीकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यात पाडत्यात का ढकलत्यात?"

"ढकलत्यात, आबा."

"मग ही कुस्ती न्हवं. ही एस्टीतली रेटारेटी हाय."

मी हसले. ती हसली नाही. तिने टीव्ही बंद केला आणि पाणी आणायला उठली. मग भाकरी खाता खाता आबांनी ती गोष्ट सांगितली, जी तिने आयुष्यभर ऐकली असणार. एका जत्रेत आबांनी समोरच्याची कंबर पक्की धरली होती, आणि तो गडी कडेच्या दगडांवर जाऊ लागला. आबांनी पकड सोडली, त्याला हाताने मध्ये आणलं, आणि मग तीच कुस्ती हरले. लोकांनी मात्र खांद्यावर घेतलं ते आबांना. "कडंला गेल्याला मदी घ्यायचा आन मग पाडायचा. रेटून जिकायला ताकद लागती, पैलवानकी न्हाई," असं म्हणून त्यांनी खर्डा पुढे सरकवला. म्हसवडला अजूनही म्हातारी माणसं आबांना त्याच एका कुस्तीसाठी रामराम घालतात, हे मला तिने नंतर सांगितलं. ते गेल्यावर मी म्हटलं, "अगं, मॅटचा नियमच तसा आहे, त्यात लबाडी कसली?" ती म्हणाली, "नियम सरांचा हाय गं. घर आबांचं हाय." त्या रात्री ती जेवली नाही.

चाचणीच्या दिवशी आबांची एसटी उशिरा येणार होती. खोटं कशाला बोलू, मी मनात म्हटलं, वाटेत पंक्चर होऊ दे! सकाळच्या कुस्त्यांमध्ये आबा नव्हते आणि वस्ताद काय खेळली! कडेला गेली की दुप्पट जोर लावायची. एकीला तर अशी बाहेर काढली की ती पोरगी थेट पाणी वाटणाऱ्या बाईंच्या मांडीवर. मी ओरडून ओरडून घसा फोडला. शेवटची कुस्ती तासगावच्या पोरीशी होती. ती बुटकी, चिवट, खाली वाकून खेळणारी. वस्ताद मॅटवर चढली, शड्डू ठोकला आणि तेवढ्यात दारातून आबा आत आले. पांढरी टोपी, खांद्यावर पिशवी. ते लोकांतून वाट काढत आले आणि मॅटच्या कडेला, सतरंजीवर माझ्या शेजारी टेकले.

कुस्ती बरोबरीत चालली होती. पण शेवटचा गुण तासगावच्या पोरीचा होता, त्यामुळे बरोबरीत वेळ संपली तर निकाल तिच्या बाजूने जाणार. वस्तादला एकच गुण हवा होता. वेळ संपत आली आणि वस्तादने पकड मिळवली. दोन्ही हात त्या पोरीच्या कमरेला, डोकं छातीत रुतवलेलं, आणि ती तिला रेटत आमच्याच बाजूला आणू लागली. तासगावची टाच तांबड्या पट्ट्यावर आली. आता फक्त एक धक्का. सर ओरडत होते, मी ओरडत होते. मी आबांकडे पाहिलं तर त्यांनी टोपी काढून मुठीत चुरगाळली होती आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज माझ्यापुरताच येत होता.

"ढकल. ढकल गं बाई, ढकल."

वस्तादने मान वर केली. आणि काय केलं असेल? तिने त्या पोरीला मागे ओढलं! कडेवरून पार मध्यभागी घेऊन गेली आणि तिथे तिला चितपट करायला ढाक मारायला गेली. तासगावची पोरगी पालीसारखी मॅटला चिकटून राहिली. शिट्टी वाजली. संपलं. पंचांनी तासगावच्या पोरीचा हात वर केला.

माझा तर तिळपापड झाला. आबा उठले, टोपी झटकून डोक्यावर घातली, लेकीजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शाबास! मातीतली कुस्ती केलीस." आणि ही बाई हरलेली असून हसत होती. मी तोंड उघडणार होते, पण आबांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी शब्द गिळले.

संध्याकाळी ती आबांबरोबर म्हसवडला निघाली. सांगलीच्या स्टँडवर ती पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा आबांनी माझा हात धरला. "पोरी, तू ऐकलंस न्हवं?" मी मान हलवली. "तिला सांगू नगंस. शिबिर गेलं ते गेलं. बापासाठी हारली, एवढा मान तरी ऱ्हाऊ दे तिच्याकडं." मग एसटी लागली, ती खिडकीत बसली, बाहेर वाकून मला म्हणाली, "रडती काय गं शाने, मी मेली न्हाई!" आणि गाडी गेली. खोलीत परत आले तर दोन्ही गाद्या अजून जमिनीवरच होत्या.

आबा गेल्या वर्षी वारले. मी कळल्यावर म्हसवडला गेले. दिवसकार्य उरकलं होतं आणि वस्ताद गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरींना शिकवत होती. आता ती तेच करते. बरीच जाड झालीय, आवाज मात्र तोच. मी दारात पोचले तर आतून आरोळी, "सोडती कशाला गं कडंला! ढकल तिला भाईर! ढकल!" माझ्या मस्तकात तिडीकच गेली. म्हटलं, "आता शिकवतेस होय? तेव्हा काय झालं होतं?" आणि मग राहवेना. आबा गेले होते, शब्द आता कुणासाठी पाळू? मी सगळं सांगून टाकलं. टोपी, ओठ, स्टँडवरचं बोलणं, सगळं.

तिने ऐकून घेतलं. मग पदराने घाम पुसत म्हणाली, "ठावं हाय मला."

"कसं?"

"त्या पोरीची पाठ तुमच्याकडं हुती. माझं तोंड कुनाकडं हुतं? आबांचं ओठ दिसलं की मला."

"आणि तरी ढकललं नाहीस? ते स्वतः म्हणत होते गं!"

"म्हनून तर न्हाई ढकललं." तिने मॅटवर पडलेल्या एका पोरीला हात देऊन उठवलं. "शाने, जलमभर त्यांच्याकडं ती एकच गोष्ट हुती. मी ढकललं आसतं, तर त्यो सबूद त्यांच्या जिवाला लागून ऱ्हायला आसता. मी ढकललं न्हाई, म्हंजी त्ये बोललेच न्हाईत."

"त्यांना कळलं होतं का, तू पाहिलंस ते?"

"न्हाई. मी कवाच कळू दिलं न्हाई."

मी तिथेच मॅटच्या कडेवर बसून हमसाहमशी रडले, आणि तिच्या पोरी कुस्ती थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या.