व्हॉल्व्हचे बारा फेरे

नसरीन काल गेली. वय चौतीस.
मी त्र्याहत्तर. अजून इथंच.

मी सातवी शिकलेला माणूस. गावच्या पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह सोडायचो. लिहिण्यात काही चुकलं तर जाणकारांनी रागावू नये. ही पोस्ट दोनदा खोडली आहे.

नसरीन आमच्या गल्लीतल्या रशीदभाई टेलरची मुलगी. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि पीएचडी करायची.
विषय आमचीच टाकी. तळ्याचं पाणी आत आल्यावर कसं फिरतं, गाळ कुठं बसतो.

मी विचारलं, तर सांगायची,
"मामा, टाकीतल्या पाण्याचे कॉम्प्युटरवर हजारो त्रिकोण केलेत. उत्तर एकदम निघत न्हाय. आधी अंदाज धरायचा. प्रत्येक त्रिकोण शेजाऱ्याशी जुळतो का बघायचं. न्हाय जुळला तर थोडं दुरुस्त करायचं, परत सगळे तपासायचे."

"किती येळा?"

"फरक जवळपास मिटंस्तवर."

"मी बी कुलूप लावलं का बघायला पाच येळा माघारी जातो."

"पण मामा, तुमचा फरक दर फेरीला वाढतो!"

तिला माझ्याकडून एकच आकडा हवा होता. तळ्याचं पाणी आत घेताना व्हॉल्व्ह किती फेरे उघडता?

मी म्हणालो, बारा.

नियम बाराचा होता. मी आठच उघडायचो. पुढं दांडा अडकायचा. तुटला तर माझ्यावर येईल, ही भीती. रजिस्टरातही बाराच लिहायचो.

तिचं उत्तर निघालं. गाळ पलीकडच्या भिंतीशी.
टाकी रिकामी केली, तर गाळ आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशीच.

दीड महिना ती प्रोग्राम उसवत बसली. एक दिवस टाकीच्या पायरीवर बसून म्हणाली, "मामा, सोडून देते मी. माझी पद्धतच चुकीची हाय."

तेव्हा सांगितलं. आठ.

ती मग म्हणाली, "पाण्याला जोरच न्हाय, मग गाळ तोंडाशीच बसणार की!"

मी म्हणालो, "तू हे लिहिलंस आन् सरपंचानं वाचलं तर?"

"आधी माझे सर तरी वाचतेत का बघू, मामा."

आठ घातल्यावर कॉम्प्युटरचा गाळ टाकीतल्या जागी आला. पदवी मिळाली.

आज सकाळी माती झाली. नंतर तिच्या भावानं प्रबंध बाहेर काढला. इंग्रजीत आहे. मी म्हणालो, व्हॉल्व्हचं काय लिहिलंय बघ.

त्यानं मराठीत सांगितलं, "पहिली नोंद घेताना माझ्याकडून चूक झाली."

मग तोच म्हणाला, "एवढी हुशार आमची आपा, पण एक आकडा नीट लिहिता आला न्हाय बघा."

मी होकाराची मान हलवली आणि घरी आलो.

मान हलवायला नको होती. तिच्या भावानं हे वाचावं, कॉलेजातल्यांनीही वाचावं. तिनं आकडा नीटच लिहिला होता. खोटा मी सांगितला होता.

बेटा नसरीन, अल्लाह तुला जन्नत देवो.
मामाचा अखेरचा सलाम.