पंधरा वर्षांची गोदी

फोटो स्टुडिओवाल्याकडे किस्से मागावे लागत नाहीत; गिऱ्हाइकांना नीट बसवता बसवता ते आपोआप साठतात. ऐंशीच्या दशकातला पांढुर्ण्याचा माझा स्टुडिओ आठवला, की मला आधी जिनमधला उडता कापूस दिसतो. सरकी काढायच्या त्या कारखान्यात लहान पोरं राबायची. ती शाळेत यावीत म्हणून आमचे गुरुजी धडपडत होते. एक दिवस म्हणाले, "छिंदवाड्याच्या कामगार खात्याच्या साहेबाले पुरावा पाहिजे. तुमी फोटो काढा!"

*

पहिलीच चूक माझी. आदल्या दिवशी पोरांना सांगून ठेवलं! सकाळी सगळी दिवाळीचे कपडे घालून, पावडर थापून हजर.

"हे काय रे?"

"फोटो म्हटल्यावर माय अशीच पाठवंन काय, भाऊ?"

*

मग न सांगता गेलो. पत्र्यांच्या फटींतून ऊन येत होतं, कापूस तरंगत होता, त्यात पोरं हळूच दिसत आणि हळूच नाहीशी होत. डार्करूमच्या लाल उजेडातही ती तशीच कागदावर उगवली. मी कितीतरी वेळ बघत बसलो. हे इतकं सुंदर दिसतं, याची लाजही वाटली.

गुरुजींनी प्रिंट पाहिली. "तुमाले जिनमंधी पाठवलं होतं, काश्मीरले नाही!"

*

चौदाच्या आतली पोरं कारखान्यात ठेवायला कायद्यानं बंदी. जिनचा मुनीम म्हणे, "सारे पंधराचे!" जन्माचा दाखला एकाकडेही नाही. गुरुजींना युक्ती सुचली, दुधाचे दात! आठेक वर्षांच्या गोदीचे पुढचे दोन पडले होते. पण फोटोत हसायचं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक. ओठ घट्ट! शेवटी मीच पाय घसरून कापसाच्या ढिगात पडलो. गोदी खळखळून हसली. क्लिक!

*

निगेटिव्हवर पेन्सिलनं रिटचिंग करायला, म्हणजे चेहऱ्यावरचे डाग-व्यंग झाकायला, आमच्याकडे वामनकाका होते. फोटो टपालानं साहेबांकडे गेला, मग मी उरलेली प्रत नीट पाहिली. गोदीचे सगळे दात शाबूत!

"काका, हे काय करून ठेवलं?"

"पोरीची जात हाय. बिनदाताचा फोटो कोन ठेवंन घरी?"

*

साहेब चौकशीला आले दोन महिन्यांनी. तोवर गोदीला खरोखरच नवे दात फुटले होते! आता गोदीची शाळा गेलीच, असं मला वाटलं. मुनीम म्हणाला, "खानदानच बुटकं हाय, साहेब."

साहेबांनी फोटो टेबलावर ठेवला आणि गोदीला जवळ बोलावलं. "किती वर्षांची तू?"

"पंधरा."

"बरं, पंधरापर्यंत मोजून दाखव."

गोदीनं एकेक बोट उघडत मोजलं. दहावर बोटं संपली. ती मुनीमाकडे वळली.

"मुनीमजी, याच्या पुढचं तं तुमी सांगतलंच नाही!"