नेपल्सची मावशी आणि बाप्पांचं बी

इटलीहून आणलेली चॉकलेटं नारायणगावात चार दिवसांत संपली. किस्से मात्र संपत नाहीत. उलट दर आठवड्याला त्यांना नवे फुटवे येतात. दत्तूकाका चहाच्या टपरीवर सांगतात तेव्हा त्यात एक भूकंपही असतो. भूकंप झाला नव्हता. मी तिथंच होते.

मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून रोजचं रोज वहीत लिहून ठेवायचे. त्यातले हे काही.

*

बियाणं विकणाऱ्या एका कंपनीनं आमच्या भागातल्या टोमॅटोवाल्यांना दिवाळीच्या सुट्टीत इटली दाखवायला नेलं. माझ्या आजोबांचं नाव यादीत होतं. त्यांना सगळं गाव बाप्पा म्हणतं. आजीचंही नाव होतं, पण तिनं साफ नकार दिला.

"मधीच उतरायची सोय न्हाई, तर बसायचं कशाला?"

मग तिच्या जागी मी गेले. कारण एकच. मी इंग्रजी माध्यमात आहे.

दत्तूकाका आमचे शेजारी. ते आणि शालनकाकूही आमच्याबरोबर होते. मुंबईच्या विमानतळावर पोचेपर्यंत काकांनी गाडीतल्या प्रत्येकाला सांगितलं, "आपल्याला काळजी न्हाई, राव. घरचा दुभाषी हाये."

नेपल्सला उतरल्यावर कळलं की तिथली माणसं इंग्रजी बोलत नाहीत. आणि मी तर काहीच बोलत नाही. दुभाष्याचा प्रश्न असा दोन्ही बाजूंनी मिटला.

*

पहिल्या संध्याकाळी कंपनीची माणसं सगळ्यांना बसनं लांबच्या एका भारतीय हॉटेलात जेवायला घेऊन निघाली. बाप्पांना बस लागते. ते म्हणाले, "मी इथंच काहीतरी चघळतो." त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून आम्ही तिघं थांबलो आणि जवळच्या जुन्या गल्ल्यांत शिरलो.

गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या घरांनी एकमेकांच्या खिडकीत कपडे वाळत घातलेले. त्या कपड्यांखालून चालताना डोक्यावर थेंब पडत होते. लसणाच्या फोडणीचा वास आला आणि आम्ही त्याच्या मागे गेलो. एका वळणावर भिंतीत देवीचा कोनाडा होता, त्यात बल्ब आणि प्लास्टिकची फुलं. खाली रस्त्यातच चार टेबलं मांडलेली. बाप्पांनी आधी कोनाड्याला हात जोडले.

"दारात देव हाये म्हंजे हाटेल चांगलंच असनार."

हॉटेल चालवणारी बाई साठीच्या पुढची, रुंद, एप्रन बांधलेली. शालनकाकूंनी तिला लगेच मावशी करून टाकलं. मेनूकार्ड माझ्या हातात आलं. बाप्पा माळकरी. "यात मटन कशात न्हाई ते सांग," काका म्हणाले. मला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला, 'पोमोदोरो'. कंपनीच्या बॅनरवर टोमॅटोच्या चित्राखाली तो लिहिलेला होता. मी त्यावर बोट ठेवलं.

पुढच्या पाचही संध्याकाळी आम्ही त्याच टेबलावर बसलो आणि मी त्याच शब्दावर बोट ठेवलं. वर्षभर टोमॅटोत राबून चार दिवस मोकळी व्हायला आलेली माणसं परदेशात रोज टोमॅटोच खात होती.

*

मावशीनं आणलेल्या त्या लांबलचक शेवया बाप्पांनी गुंडाळून कशाबशा तोंडात घातल्या. मग खिशातून ठेच्याची डबी काढली आणि चिमूटभर ठेचा वर टाकला.

मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. आता ही ओरडणार, असं मला वाटलं. तिनं डबीत बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. डोळ्यांत पाणी आलं तरी ती हलली नाही. मग डबी उचलली, झाकण लावलं आणि आत घेऊन गेली.

बराच वेळ झाला तरी ती डबीचं नाव काढेना.

"जाऊ द्या बाप्पा," शालनकाकू म्हणाल्या. "लेकीबाळींनी नेली तर आपण मागतो का?"

दुसऱ्या दिवशी आत डोकावले तर डबी चुलीच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेली होती. ती अजून तिथंच असेल.

*

आमच्याकडे पंगतीत वाढपी आग्रह करतो तेव्हा ताटावर हात आडवा धरायचा. हात धरला की वाढपी थांबतो. हा नियम जुन्नरपासून मंचरपर्यंत कुणी मोडत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मावशी पातेलं घेऊन पुन्हा वाढायला आली. बाप्पांनी ताटावर हात धरला. मावशीनं त्यांचं मनगट पकडलं, तो हात उचलून चमचा बाजूला ठेवावा तसा टेबलावर ठेवला आणि वाढलं. बाप्पांनी दुसरा हात धरला. तोही टेबलावर गेला.

बाप्पा स्वतःच्या दोन हातांकडे बघत राहिले. म्हणाले, "आमच्या बहिनीनंबी असं कधी केलं न्हाई."

रात्री त्यांना अपचन झालं. पण मावशीचं नाव त्या दिवसापासून ते आदरानं घेऊ लागले.

*

तिसऱ्या दिवशी कंपनीनं जुनं शहर दाखवायला गाईड दिला. त्याचं बोलणं कंपनीतले एक साहेब मराठीत सांगत होते. या गल्ल्या अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीकांनी आखल्या, मग रोमन आले, असं बरंच काही.

बाप्पांनी हात वर केला. "त्यांना सांगा, आमच्या नाणेघाटातून माल खाली उतरायचा आन् जहाजानं हिकडंच यायचा. जुन्नरच्या लेण्यांत तुमच्या लोकांची नावं कोरल्यात. म्हंजे तुमी आमचं जुनं गिऱ्हाईक."

साहेबांनी ते सांगितलं. गाईडनं खुशीनं मान हलवली.

दत्तूकाकांना तेवढ्यानं समाधान झालं नाही. "आनि हे बी सांगा, आमच्या पेठेतल्या गल्ल्या याच्यापेक्षा अरुंद हायेत. पन आमी त्या दाखवायला गाईड लावत न्हाई. उलट ट्रॅक्टर अडकला की शिव्या खातो."

साहेबांनी ते मात्र सांगितलं नाही.

*

शालनकाकूंना त्या शहरातली एकच गोष्ट मनापासून आवडली. तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी दोरीला टोपली बांधून खाली सोडायची. खालचा भाजीवाला त्यात भाजी टाकायचा. म्हातारी टोपली वर ओढून घ्यायची.

"किती शानी बाई," काकू म्हणाल्या. "गुडघ्याला तरास न्हाई."

परत आल्यावर काकूंनी दोरी आणि टोपली विकत घेतली. त्यांचं घर बैठं आहे. आता भाजीवाल्याची हाक आली की त्या लोखंडी जिन्यानं स्लॅबवर चढतात, टोपली खाली सोडतात, भाजी वर ओढतात आणि ती घेऊन पुन्हा जिन्यानं खाली उतरतात.

गुडघ्यांसाठी सध्या नारायणगावातल्या डॉक्टरांचा मलम चालू आहे.

*

मावशीच्या हॉटेलाला लागूनच भाजीचं दुकान होतं. दारात लाकडी खोक्यांत टोमॅटो रचलेले, तेल लावल्यासारखे चकचकीत. चौथ्या संध्याकाळी बाप्पा त्यांच्यापुढे थांबले.

आमच्या मार्केटात लिलावाच्या आधी व्यापारी क्रेट पालथं करून बघतो. वर निवडक माल आणि खाली किडका, हे कुणीही करतं, म्हणून तळ बघायचा असतो. त्यात कुणाला राग येत नाही. बाप्पांनी आयुष्यभर हेच पाहिलं. त्यांनी खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि फूटपाथवर पालथं केलं.

दुकानदार असा किंचाळला की वरच्या खिडक्या उघडल्या. काकांनी मला पुढे ढकललं. "सांग त्याला, इंग्रजीत सांग." मी मागे सरकले. आता पोलीस येणार, बाप्पांना नेणार आणि आजीला काय सांगायचं, हे माझ्या मनात सुरू झालं.

पळत आली ती मावशी, हातात पळी घेऊन. तिनं खाली सांडलेल्या टोमॅटोंकडे पाहिलं. तळातले निम्मे डागाळलेले, दोन तर फुटून बुरशीनं पांढरे पडलेले. बाप्पांनी त्यातला एक उचलून तिच्यापुढे धरला.

मावशी वळली आणि दुकानदारावर तुटून पडली. ती त्याच्याकडून किती वर्षं माल घेत होती कोण जाणे. सगळी वर्षं तिनं त्या दहा मिनिटांत काढली.

"आता आपलं भांडन ऱ्हायलंच न्हाई," दत्तूकाका जरा नाराजीनं म्हणाले.

पाचव्या संध्याकाळी मावशीनं बाप्पांना हाताला धरून त्या दुकानात नेलं. बाप्पा खोकं पालथं करत होते, दुकानदार दात आवळून सरळ करत होता आणि मावशी बाप्पांनी निवडलेलेच टोमॅटो घेत होती.

*

त्याच संध्याकाळी बाप्पांना वरचे टोमॅटो दिसले.

हॉटेलाच्या वर मावशीच्या गॅलरीत छोट्या टोमॅटोंचे घड दोरीला टांगलेले होते, आपल्याकडे कांद्याच्या माळा टांगतात तसे. आमच्या साहेबांनी बसमध्ये सांगितलं होतं की इथले लोक असे घड टांगून हिवाळाभर खातात. फ्रीज लागत नाही.

बाप्पा जेवायचं थांबले. गेल्या उन्हाळ्यात आमचा माल मार्केटात कुणी उचलला नाही. आम्ही तो गुरांना घातला. आठ दिवसांनी गुरांनीही तोंड फिरवलं. टिकला असता तर थांबता आलं असतं.

"ह्याचं बी मिळालं पायजे," बाप्पा म्हणाले. "बाकी इटली ऱ्हायली तरी चालंल."

दत्तूकाकांनी फोन काढला. त्यात बोललेलं भाषांतर करून मिळतं. बाप्पांनी तो खाली ठेवायला लावला.

"मशिनीच्या तोंडानं बी मागायचं नसतं. बी हात पसरून मागायचं असतं."

मग त्यांनी हात पसरला. चिमटीत काहीतरी धरल्यासारखं केलं, टेबलावर पेरलं, वर उगवून दाखवलं. मावशीनं मीठ आणलं. त्यांनी पुन्हा केलं. तिनं मिरपूड आणली. तिसऱ्यांदा चीज किसून आणलं. बाप्पांनी गॅलरीकडे बोट दाखवलं. मावशी वर बघून बराच वेळ काहीतरी बोलली.

"काय म्हनली?" बाप्पांनी मला विचारलं.

"मला नाही कळलं."

"मी सांगतो," दत्तूकाका म्हणाले. "म्हनत असंल, हे आमच्या आजीच्या आजीचं बी हाये. असंतसं कुनाला देत न्हाई."

"तसंच म्हनली असनार," शालनकाकू म्हणाल्या. "तोंडावरनं कळतंय ना."

बाप्पांनी मान डोलावली. "बरोबर हाये तिचं. मीबी दिलं नसतं."

त्या रात्री त्यांना झोप नव्हती. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ शेवटची होती.

*

शेवटच्या दिवशी सकाळी मी आमच्या हॉटेलातल्या काउंटरवरच्या बाईकडून बाप्पांसाठी बी मागायचं एक वाक्य लिहून घेतलं. म्हणजे मी तिला इंग्रजीत लिहून दिलं, तिनं खाली तिच्या भाषेत लिहिलं. मी ते नीट अक्षरात उतरवलं. आम्ही जाऊन टेबलावर बसलो तशी मी कागदाची घडी मावशीच्या हातात दिली आणि खाली बघत बसले.

मावशीनं वाचलं. बाप्पांकडे पाहिलं. मग इतकी हसली की एप्रनचं टोक डोळ्यांना लावावं लागलं. तिनं बाप्पांचा गाल चिमटीत धरून हलवला. शालनकाकूंनी दुसरीकडे पाहिलं. मावशी एप्रन काढून गल्लीत कुठंतरी गेली आणि परत आली ती तपकिरी कागदात बांधलेली, दोऱ्याची गाठ मारलेली एक पुडी घेऊन.

बाप्पा उभे राहिले. दोन्ही हातांची ओंजळ करून त्यांनी ती घेतली.

"इथं उघडायची न्हाई," ते म्हणाले. "घरी. देवापुढं."

*

नारायणगावला आल्यावर दुसऱ्याच दिवशी आमचं अंगण भरलं. पारगावचे पाहुणेही आले होते. आजीनं नारळ फोडला. बाप्पांनी पुडी देवापुढे ठेवली, हळद-कुंकू वाहिलं आणि दोरा सोडला.

आतून एक चकचकीत, सीलबंद पाकीट निघालं. त्यावर टोमॅटोच्या घडाचं रंगीत चित्र.

"पॅकिंग बघा," दत्तूकाका म्हणाले. "आजीच्या आजीचं बी, पन ठेवलंय कसं. न्हाईतर आपन, फडक्यात बांधून कोनाड्यात."

पाकीट माझ्याकडे आलं. "वाच गं पोरी," बाप्पा म्हणाले. "मागं बारीक लिवलंय."

मागे पाच-सहा भाषा होत्या. इंग्रजीत दोनच ओळी. खालच्या ओळीत लिहिलं होतं की हे बियाणं भारतात तयार केलेलं असून इटलीत पॅक केलं आहे.

अंगणात सगळे माझ्याकडे बघत होते. बाप्पांनी चष्मा काढून हातात धरला होता.

मी फक्त वरची ओळ मोठ्यानं वाचली. "थंड आणि कोरड्या जागी ठेवा."

बाप्पांनी पाकीट परत घेतलं, नाकाला लावलं आणि डोळे मिटले. मग ते पारगावच्या पाहुण्यांपुढे धरलं.

"घ्या पावणं, वास घ्या. तिकडची मातीच येगळी."

पाहुण्यांनी वास घेतला आणि पाकीट पुढे दिलं. ते सगळ्या अंगणात फिरलं. सगळ्यांना वेगळाच वास आला.