फ्रान्सला निघालेला कुकर

मंडळी, आज सकाळी एका बॅगेने माझा घोर अपमान केला. आत राइस कुकर ठेवला, तर ती बंदच होईना!

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं नवरा-बायको इथून, अमेरिकेतल्या एडिसनहून, फ्रान्सच्या एका खेड्यात सुट्टीला निघालोय. शाकाहारी माणसाला तिथं काय मिळणार, म्हणून हा कुकर.

बायको म्हणाली, "त्यालाच घेऊन जा! दर सुट्टीत हॉटेलच्या खोलीत मीच खिचडी टाकते. एकदा तरी मला कुणीतरी वाढलेलं जेवायचंय."

ती ऑफिसला गेल्यावर मी परदेशी फोन करायचं कॉलिंग कार्ड काढून त्या गावच्या खानावळीला फोन लावला. "नो मीट, नो फिश," म्हणालो. पलीकडची बाई हसून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "सूप, बटाटे, चीज. चालेल?"

तिकडे जेवून आलेल्यांनो, आणखी कुठे जावं ते सांगा. पहिल्या दुपारचं दोघांचं टेबल मात्र त्या खानावळीत ठरलंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.