पानामागचा पुसट ठसा

चांगुणा माढ्याच्या शाळेत माझ्याकडे सातवीपर्यंत शिकली. आता सोलापुरात आम्ही एकाच गल्लीत राहतो. डाळिंबाच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती वीस वर्षं रोजंदारीवर आहे. बिनसुईची सिरिंज पानाच्या पाठीला टेकवायची, वरून बोटाचा आधार द्यायचा आणि औषध हळूच आत सोडायचं, हे तिचं काम. पानाला कळूही नये, असा हात.

मग धम्मप्रिया आली. एम.एस्सी. झालेली, हसरी. तिनं सिरिंज स्वतःकडे घेतली. "मावशी, तुम्ही फक्त कुंड्यांना पाणी घाला."

"लई शिकलीय की," चांगुणा मला म्हणाली. "पानं काळीनिळी करती नुसती." त्या आठवड्यात तिचं कशात लक्ष नव्हतं.

प्रयोग असा होता. तेल्या रोगाच्या जंतूंमधलं एक प्रथिन पाच झाडांच्या पानांत सोडायचं. तेवढ्यावरून झाड शत्रू ओळखतं आणि जंतू यायच्या आधीच बचावाला लागतं. दुसऱ्या पाच झाडांच्या पानांत तसंच नुसतं पाणी सोडायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर खरे जंतू फवारायचे. पाण्याची झाडं आजारी पडली, तरच प्रथिनाचा गुण सिद्ध होणार.

चांगुणाला हे पाठ होतं. म्हणूनच जेवणाच्या सुट्टीत तिनं उरलेलं प्रथिन पाण्याच्या पाचही झाडांत सोडलं.

दहा दिवसांनी दहाही झाडं स्वच्छ. धम्मप्रियाचं सहा महिन्यांचं काम वाया जाणार होतं. तिनं भिंग घेऊन एकेक पान उलटलं. तिच्या सिरिंजच्या काळ्या ठशाशेजारी दुसरा ठसा होता, जेमतेम दिसणारा.

"माझ्यानंतर कुणीतरी हात लावलाय," ती म्हणाली. "किती सफाई आहे बघा, मावशी. मानसिंगभाऊ असतील का?"

मानसिंग कुंड्या उचलायचा. चांगुणानं त्याच्यावर ढकललं असतं, तर तिच्यावर काहीच आलं नसतं.

"त्याला सिरिंज धरता तरी येती का?" ती म्हणाली. "माजा हात हाय त्यो."

प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला तासभर उभं करून बोल लावले. धम्मप्रिया मधे पडली. प्रयोग पुन्हा करू, म्हणाली, पण सिरिंज मावशींच्या हातात. या वेळी पाण्याच्या पाचही झाडांवर तेलकट डाग उठले, बाकीची पाच जवळजवळ स्वच्छ राहिली.

आता धम्मप्रियाला तो हात शिकायचाय.

"शिकवशील ना?" मी विचारलं.

"शिकवीन की, बाई," चांगुणा म्हणाली. "बोट कुटं धरायचं, तेवडं सोडून."