जेरार्दोच्या नावावरचं घर

अस्सुंताबाईची आणि माझी पहिली भेट झाली त्या दिवशी मी मरता मरता वाचलो, असं मी अजूनही सगळ्यांना सांगतो. २००७ साली मी इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या त्या गल्लीत राहायला आलो आणि माझ्या सामानाच्या गाडीने शेजारच्या बुटक्या कुंपणाची एक वीट पाडली. एकच वीट. ती जमिनीला टेकायच्या आत शेजारचं दार उघडलं आणि काळ्या कपड्यांतली, उंचीला माझ्या छातीएवढी आणि रुंदीला माझ्या कपाटाएवढी एक बाई हातात झारा घेऊन बाहेर आली. गाडीवाल्याने गाडीत शिरून काचा वर केल्या. पोस्टमनला तीनदा चावलेला समोरचा कुत्रा झुडपाखाली गेला. गावातली ऊझ नदीसुद्धा त्या वेळी क्षणभर थांबली असावी.

"ही वीट कुणी आणली ठाऊक आहे?" बाई गरजली. "माझ्या नवऱ्याने! वीटभट्टीवरून, जेवणाच्या पिशवीतून, रोज एक! चारशे बारा दिवस! थांब, त्यालाच बोलावते. जेरार्दो! ए जेरार्दो! बाहेर ये, एका लांबड्या हिंदुस्थान्याने तुझी भिंत पाडली!"

मी उभा राहून वाट पाहिली. कुणी आलं नाही.

"झोपलाय," ती म्हणाली. "नशीबवान आहेस."

पुढची दोन वर्षं मी या जेरार्दोच्या धाकात काढली. आमच्या दोन घरांत एकच भिंत. रोज संध्याकाळी पलीकडून भांडण ऐकू यायचं, म्हणजे तिचंच. रश्श्यात मीठ जास्त झालं तर तू गप्प का, मुलाचा फोन आला नाही तर तुला काहीच कसं वाटत नाही, वगैरे. इतकं ऐकून घेऊन एक अक्षर न बोलणाऱ्या त्या माणसाबद्दल मला आदर वाटू लागला होता. नाताळात मी त्याच्यासाठी दारूची बाटली नेली. बाईने ती ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "त्याला आवडली."

मग एकदा त्यांचा मुलगा मिकेले भेटला. सगळे त्याला माइक म्हणतात. तो स्वयंपाकघरातले ओटे बसवायचं काम करतो. मी त्याला म्हटलं, "वडिलांना एकदा भेटायचंय."

माइकने माझ्याकडे बघितलं. "बाबा २००५ मध्ये गेले."

त्या संध्याकाळी मी भिंतीपासून दूरच्या खोलीत जेवलो.

दफनासाठी लागली तेवढी नोंद सोडली तर जेरार्दो गेल्याचं बाईने कुणालाही कळवलं नव्हतं. घर त्याच्या नावावर, गॅस त्याच्या नावावर, वीज, पाणी, नगरपालिकेचा कर, सगळं त्याच्या नावावर. तिच्या इटलीतल्या गावाकडे कागदावर नाव पुरुषाचं असतं. तो गेला म्हणून कागद बदलायचा, हे तिला नवऱ्याचा कोट भंगारात दिल्यासारखं वाटायचं. पैसे माइक वेळेवर भरायचा, त्यामुळे कुणी चौकशी केली नाही. पन्नास वर्षं निष्ठेने गॅस वापरल्याबद्दल कंपनीने जेरार्दोचे आभार मानले, तेव्हा बाईने ते पत्र त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर कॉफीचा कप ठेवून मोठ्याने वाचून दाखवलं. मी तिथेच होतो. मीही टाळी वाजवली. न वाजवून करतो काय?

२०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर मत द्यायचं होतं. त्या रविवारी बाईने मला जेवायला बोलावलं. टेबलावर चार ताटं. चौथं कुणाचं हे मी विचारलं नाही.

"बाहेर," माइक पास्ता वाढून घेत म्हणाला. "रोमानियाची पोरं निम्म्या भावात ओटे बसवतात. मी पोटाला काय घालू?"

"बरोबर आहे," बाई म्हणाली. "दार बंद करा. आम्ही आलो तेव्हा छातीचे फोटो काढले, दात तपासले, जेरार्दोकडून चार वर्षांच्या करारावर सही घेतली. हे येतात ते सहलीला आल्यासारखे."

"बाई," मी म्हटलं, "तुम्हीही बाहेरच्याच की."

"मी? मी अठ्ठावन्न सालापासून इथे आहे. तू तेव्हा जन्मला तरी होतास का?"

"नव्हतो. पण मी परीक्षा देऊन, फी भरून, राणीच्या नावाने शपथ घेऊन इथला झालोय. तुमच्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे जेरार्दो आहे."

माइकने आणखी पास्ता वाढून घेतला.

मग तिने भाजीवाल्याची गोष्ट सांगितली. अठ्ठावन्न सालचा भाजीवाला. ती रांगेत पहिली उभी असली तरी तिला शेवटी भाजी मिळायची. इंग्रज बायकांचं होईपर्यंत टोमॅटो संपलेले असायचे. तीन वर्षं तिने मऊ पडलेले टोमॅटो शिजवले.

"आणि आता तुम्ही दुसऱ्यांना रांगेत शेवटी उभं करताय," मी म्हटलं.

"मग? रांग असते ती," बाई म्हणाली. "कुणीतरी शेवटी असणारच. आमची पाळी झाली."

तिला स्वतःला मताचा हक्क नव्हता, कारण ती अजून इटलीचीच नागरिक होती. पण माइकने योग्य मत द्यावं म्हणून तिने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. मेणबत्ती पावली, देश बाहेर पडला.

तेव्हा बाहेर पडायचं म्हणजे रोमानियाच्या पोरांनी बाहेर पडायचं, असं त्या घरात सगळ्यांचंच मत होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये माइक धापा टाकत आला, तोंडावरचा मास्क हनुवटीवर. "मा, इथे राहायच्या हक्कासाठी तुलाही अर्ज करावा लागेल. जूनअखेर. नाहीतर एक जुलैपासून तू इथे बेकायदा."

"कोण?"

"तू, मा."

"मी त्रेसष्ट वर्षं इथे आहे."

"तेच दाखवायचंय."

मी दोघांना माझ्या घरी आणून सरकारी मदतीच्या नंबरला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. पलीकडची मुलगी गोड होती. वीजबिल? नवऱ्याच्या नावावर. घर? नवऱ्याच्या. पगार? बाईंनी आयुष्यभर लोकांच्या घरी इस्त्री केली, पैसे हातात. पेन्शन? मागितलीच नाही, सरकारपुढे हात पसरायला ती काय भिकारीण होती? दवाखाना? तिथली पत्रं तिने कधी उघडली नव्हती. पत्र आपल्या नावावर आलं तर त्यात वाईटच असणार, अशी तिची खात्री. उत्तर येत नाही म्हणून दवाखान्यानेही तिचं नाव यादीतून काढून टाकलं होतं.

"म्हणजे त्या पत्त्यावर," मुलगी थांबून म्हणाली, "आमच्याकडे फक्त श्री. जेरार्दो राहताना दिसतात. त्यांच्याशी बोलता येईल का?"

बाई उठली आणि घरी गेली.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. भांडण नाही, मीठ नाही, काही नाही. चौदा वर्षं मला त्या आवाजाची भीती वाटली होती. तो थांबल्यावर खरी भीती काय असते ते कळलं. मी भिंतीला कान लावून बसायचो. खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. एकच खुर्ची सरकायची, आणि ती कुणाची हे मला ओळखता येत नसे.

आठवड्याने मी भांडंभर वरण घेऊन गेलो. बाई टेबलाशी बसली होती. समोर जेरार्दोच्या नावाची पत्रं ओळीने मांडलेली.

"प्रोफेसर," ती हळू म्हणाली. मी शाळेत गणित शिकवतो, पण तिला ते पुरेसं वाटत नाही. "त्याला पत्रं येतात. त्याचे आभार मानतात. मला कुणी ओळखत नाही. आमच्यातलं गेलं कोण, सांग मला."

मी वरणाचं भांडं पत्रांशेजारी ठेवलं.

"तू मला बघतोस ना?" तिने विचारलं.

"बघतो, बाई."

"आवाज येतो?"

"रोज यायचा."

तिने माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता. मी तो जरा जास्त वेळ धरून ठेवला. तिच्यासाठी की माझ्यासाठी, आता सांगता येत नाही.

मे महिन्याच्या शेवटी माइक आला, मी होतोच. बाईने भिंतीवरची मारियामातेची तसबीर काढली आणि तिच्या पाठीमागून एक पाकीट काढलं. ते फोडलेलं नव्हतं. २००५ मध्ये नोंदणी कचेरीतून तिने जेरार्दोच्या मृत्यूचा दाखला असा बंदच आणला होता.

"तू म्हणालीस हरवलं!" माइक ओरडला.

"हरवलंच होतं. मी शोधलं नाही." तिने पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "तू वाच. मिकेलेला रडू फुटेल."

मी फोडलं. जेरार्दोचं नाव, वय, तारीख, भट्टीच्या धुळीने खाल्लेली फुप्फुसं, सगळं होतं. आणि खाली, खबर देणाऱ्याच्या रकान्यात: अस्सुंता, मृताची विधवा, मृत्यूसमयी हजर. पुढे या घराचा पत्ता.

"काय लिहिलंय?"

"की तुम्ही होतात," मी म्हटलं. "इथेच, या पत्त्यावर. त्याच्याजवळ."

"सरकारने लिहिलंय?"

"शिक्का आहे."

तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "गॅसवाल्यांना लाव फोन. माझ्या नावावरही काहीतरी पाहिजे ना?"

लावला. गॅसच्या माणसाने खेद व्यक्त केला आणि विचारलं, "केव्हा गेले, मॅडम?"

माइकने सांगायला तोंड उघडलं. बाईने त्याला हाताने थांबवलं.

"आज," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तीन ताटं होती. ती जेवताना बोलली, आमच्याशी, टोमॅटोबद्दल. रात्री भिंतीपलीकडे काहीच नव्हतं.

माइकने तो दाखला, स्वतःच्या जन्माचा दाखला आणि पाद्रीबाबांचं पत्र जोडून अर्ज केला. राहण्याचा कायमचा हक्क मिळाल्याचा ईमेल सतरा जूनला त्याच्या फोनवर आला. सप्टेंबरमध्ये अस्सुंताबाई बहिणीकडे इटलीला गेली आणि परत आली नाही. जेरार्दो गेला, आता इथे कुणी वाट बघणारं उरलेलं नाही, असं तिने माइकला सांगितलं. पाच वर्षं सलग बाहेर राहिलं की तो हक्क रद्द होतो, असं सरकारी माहितीत लिहिलं आहे.