ओट्यावरची फक्की

मान डाव्या खांद्यावर टाकून मेजर म्हणायचे, "वरनं बघून काय कळतंय गड्या? जरा तिरकं बघ!" अन् समोरचा उगाचच मान वाकडी करायचा. तुम्हीही केली असती.

सैन्यातून परतलेला माणूस आमच्या साताऱ्याकडे मेजरच. हुद्दा विचारायचा नसतो. गावठाणाच्या मोजणीत हे मेजर ड्रोन उडवायचे, मी संगणकावर फोटो जोडायचो. कॅमेरा सरळ खाली बघणारा. अंतरं मोजायला चोख, पण गाव म्हणजे नुसती छपरं.

"सरपंच म्हंजे टोपी, म्हैस म्हंजे पाठ," मेजर म्हणायचे. "वळख बघू कोण कुणाचं!"

रहिमतपूरजवळच्या एका गावात विधवा आक्का आणि त्यांचे दीर शेजारी राहत. भिंत वेगळी, वर पत्रा मात्र सलग. नकाशात एकच घर उमटलं आणि ते दिराच्या नावावर लागलं. आक्का चावडीत येऊन उभ्या.

"आवं, हद्दीची चुन्याची फक्की मी सोताच्या हातानं मारलीया!"

"कुठं?"

"वट्यावर. दोन दारांच्या मदी."

ओटा पत्र्याखाली! वरून दिसणार कपाळ! मी फस्सकन हसलो.

"हसतोस काय रं? बाईचं घर चाललंय," मेजर म्हणाले. "तिरकं उडवू."

त्यांनी कॅमेरा कलता केला आणि चारी बाजूंनी फेऱ्या मारल्या. आता छपरांखालच्या भिंती, दारं, खिडक्या, सगळं दिसायला लागलं. गाव खवळलं. "आमच्या न्हाणीत बघतोस व्हय रं?" म्हणत एका आजोबांनी ड्रोनवर चप्पल भिरकावली. ती फोटोत अगदी स्वच्छ आलीय, हवेत अधांतरी.

त्याच फोटोत आक्कांचा ओटा होता. एक भिंत निळी, एक पिवळी, दोन दारं, मध्ये फक्कीची जाड रेघ आणि कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात आक्का. दिरानं मान वाकडी करून फोटो पाहिला.

"व्हय, दोन घरं हायती," म्हणाला आणि सही केली.

गेल्या साली मेजर गेले. हार घालायला फोटो शोधला, तर सरळ फोटोंत नुसतं चकाकणारं टक्कल. चेहरा मिळाला तो त्या एकाच तिरक्या फोटोत. आक्कांच्या ओट्यासमोर रिमोट धरून, मान डाव्या खांद्यावर टाकून ते वर बघत होते.

मी फोटोतली वरची चप्पल कापायला लागलो. शेजारी बसलेल्या आक्कांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे रं. तिच्याकडंच बघून हसत्यात न्हवं ते."

आता हाराच्या वर, हवेत, ती चप्पल तशीच आहे.